सोळा की बत्तीस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखून आईनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि मी फोडेपर्यंत समोरची खुर्ची सोडली नाही. ‘तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद खर्ची घालते आहे’ हे तुझं पहिलंच वाक्य तिनं समोर बसून उलटं वाचलं. तुझ्या बहिणीला उलटं वाचता येतं हे मला तिसाव्या वर्षी कळलं. मग माझी जी खरडपट्टी निघाली ती अगदी तुझ्या मनासारखी होती.

फोन उचलत नाही हे खरं आहे. कामाचा व्याप, मीटिंगा वगैरे कारणं तयार आहेत, पण तू माझी लहानपणीची खोटी पोटदुखी ओळखणारी बाई. तेव्हा ते राहू दे.

इकडे सगळं बरं. आईला नवा चष्मा लागला, गुडघे जुनेच आहेत. माझी नोकरी तीच. चारशे माणसांचं ऑफिस, आणि कोणाला कोणता लॅपटॉप द्यायचा, किती मेमरीचा द्यायचा, हे ठरवणारी मी. कॉम्प्युटरच्या दुनियेतली रेशनवाली म्हण. प्रत्येकाला वाटतं शेजारच्याला जास्त मिळालं. मोठ्या साहेबांना बत्तीस जीबी हवी होती, दिली. ते त्यावर नातवाचे फोटो बघतात. ज्या मुली दिवसभर आकड्यांचे डोंगर उपसतात त्यांना आठवर भागवायला सांगायचं, हेही माझंच काम.

तुझी बातमी वाचून आनंद झाला. चष्मे आणि कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून आजी-आजोबांचे कान तपासायचा कंटाळा येणारच तुला. ‘आता कुठल्याच संस्थेचं नाव नको, माझं नाव, माझी बॅग, मी आणि पोरं’ असं तू लिहिलंस. पुन्हा शाळाशाळांतून फिरायचं, एकेका पोराच्या कानाला हेडफोन लावायचा, शिट्टी ऐकू आली की हात वर. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. आईला म्हटलं, बघ, मावशी परत उभी राहिली. आई म्हणाली, ती बसली होती कधी? तिला बसवलं होतं.

असो. तुझा प्रश्न.

दुकानदारानं तुला सांगितलंय ते बरोबर आहे. या हलक्या लॅपटॉपमध्ये मेमरी आतल्या बोर्डावरच पक्की बसवून येते. पूर्वीसारखं नंतर उघडून वाढवता येत नाही. आज जे घेशील ते शेवटपर्यंत. किलोभर वजनाच्या त्या मॉडेलमध्ये आठ किंवा सोळा मिळते, आणि बत्तीस हवी तर मोठ्या चणीचा, पावणेदोन किलोचा घ्यावा लागतो, हेही खरं.

आता तुझं काम बघू. कान तपासायचा प्रोग्रॅम एक, मुलांच्या याद्या, अहवाल लिहायचं पान, फार तर इंटरनेटच्या दोन-तीन खिडक्या. आठमध्ये चालेल, पण दोन वर्षांनी कुरकुरेल. सोळामध्ये आरामात चालेल. बत्तीसचं काय, जास्त असलेलं कोणाला नको असतं?

तू लिहिलं आहेस, ‘या वेळी मेमरीत काटकसर करणार नाही. गेल्या वेळी हलकं बघितलं आणि आतलं बघितलं नाही, त्या चुकीची किंमत मोजली. खांद्याचं मी बघून घेईन.’ तुला तशी धास्ती असेल तर घे बत्तीस. मी दुरून उंटावरून शेळ्या हाकणारी, मला काय जातंय. खांद्यासाठी चाकांची बॅग बघ. शाळांचे जिने मात्र चाकांना विचारत नाहीत, ते तुला माहीत आहेच. खांद्याच्या ऑपरेशननंतर हात कुठपर्यंत वर जातो? डॉक्टरांनी किती वजन उचलायला सांगितलंय?

चहाची सुट्टी संपली, खालून फोन येतोय. कोणाचा तरी लॅपटॉप ‘आपोआप’ पाण्यात पडला आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. गेल्या वेळची चूक म्हणतेस ती फार मनाला लावून घेऊ नकोस. आणि सहज विचारते, कोणकोणत्या शाळा मिळाल्या आहेत?


बुधवार, १२ फेब्रुवारी

मावशी,

बत्तीसवाला घेऊ नकोस. आधी उत्तर सांगून टाकते, कारण शनिवार तीन दिवसांवर आहे आणि तू पैसे भरून मोकळी होशील. हलका घे, सोळाचा. आता कारण. ते सांगायला मला दोन वर्षं लागली.

तुझं चार ओळींचं पत्र काल मिळालं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. ‘बत्तीसच घेते, मोठा तर मोठा. शनिवारी पैसे भरते. पहिली शाळा आपली जुनीच मिळाली, जिन्याखालच्या खोलीची. मुख्याध्यापक म्हणतात, आता चौथीत असलेल्या पोरांची तपासणी दोन वर्षांपूर्वी झालेली आहे, त्यांना वगळा, पहिली-दुसरीच घ्या. सुंठीवाचून खोकला गेला, तेवढंच काम कमी.’

काम कमी झालेलं नाही, मावशी. त्या चौथीतल्या आठ मुलांच्या कागदांवर दुसऱ्याच मुलांचे कान आहेत, आणि त्यातल्या एका मुलीला उजव्या कानानं ऐकू येत नाही. तिच्या कागदावर ‘ठीक’ लिहिलं आहे आणि खाली तुझी सही आहे. हे मशिनमुळे झालेलं नाही. हे मी केलं.

आता नीट सांगते. तू मध्ये मध्ये ‘असू दे गं’ म्हणशील, म्हणूनच फोन न करता लिहिते आहे. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

संस्थेच्या कामासाठी आपण दोघी जायचो ती खोली तुला आठवत असेल. जिन्याखाली, तिरक्या छताची, एका कोपऱ्यात तुटक्या बाकांची चळत. मधल्या सुट्टीत डोक्यावरून पोरांचे पाय धडधडत जायचे आणि आपल्याला तपासणी थांबवावी लागायची. तू दाराजवळच्या स्टुलावर बसून बॅटरीनं पोरांच्या कानात बघत होतीस आणि मळ असेल तर आईला चिठ्ठी लिहीत होतीस. मी आत भिंतीशी, आपल्या ‘पाटी’समोर. तो लॅपटॉप इतका पातळ होता म्हणून तूच त्याला पाटी नाव ठेवलंस. मेमरी चार. सकाळी दहाला कामाला लागला की बाराला धापा टाकायला लागायचा.

हे खरं आहे की तो हळू होता. एका पोराचं झालं की नवा फॉर्म उघडायला दीड-दीड मिनिट लागायचं. पोरं खुर्चीवर चुळबुळ करायची. तेव्हा मी एक युक्ती काढली. तुला सांगितली नव्हती, कारण तुला युक्त्या आवडत नाहीत. नवा फॉर्म उघडायचाच नाही. आधीच्या पोराचा सेव्ह झाला की त्याच उघड्या फॉर्मवर नंबर बदलायचा आणि पुढच्या पोराची तपासणी सुरू करायची. जुन्या ग्राफवर नवा ग्राफ चढतो. दीड मिनिट वाचतं. आधी सेव्ह, मग नंबर. हा क्रम पाळला तर काहीही बिघडत नाही. महिनाभर मी तसंच करत होते आणि काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर चौदा नंबरला बसवलं. तू दारातून ओरडलीस, ‘भिंगरे, तीन वाजता खोली सोडायची आहे गं, अकरा राहिलीत.’ आणि मी हात चालवला. चौदाची तपासणी झाली, तो उठला, पंधरा बसायला आली, आणि तेवढ्यात मी आधी नंबर बदलला आणि मग सेव्ह दाबलं. चौदाचा ग्राफ पंधराच्या नावावर गेला. तो उलटा क्रम हाताला इतका सोयीचा पडला की मी पुढे तसाच चालू ठेवला. पंधराचा सोळावर, सोळाचा सतरावर. प्रत्येकाचे कान पुढच्याच्या नावावर. शेवटच्या चोविसाव्या मुलीपुढे नंबरच नव्हता म्हणून तिचा ग्राफ तिच्याच नावावर बसला, आणि तिथे आधी जाऊन बसलेला तेविसाव्याचा ग्राफ पुसला गेला.

हे मला त्या वेळी कळलं नाही. खरंच कळलं नाही, यावर विश्वास ठेव. संध्याकाळी चौदा नंबरचा कागदच नाही हे तूच बघितलंस. मी म्हटलं, सुट्टीनंतर पाटी एकदा अडकली होती, तेव्हा गेला असेल. अडकली होती हेही खरं होतं. दुसऱ्या दिवशी आपण चौदाला पुन्हा बोलावून तपासलं आणि विषय मिटला. तू बाकीच्या कागदांवर सह्या केल्यास. तू ग्राफ बघून सह्या केल्यास, आणि ग्राफ खरे होते. फक्त नावं चुकली होती, आणि नावं बघायचं काम माझं होतं.

आता एकोणीस नंबर.

दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. हेडफोन लावल्यावर ती माझ्याकडे डावी बाजू करून बसली. डाव्या कानाला हात पटापट वर. उजव्याला काहीच नाही. आवाज वाढवत गेले, तरी नाही. मग ती अगदी शहाण्या माणसासारखी म्हणाली, ‘ताई, हे एक बंद आहे.’ मी हेडफोन उलटा करून लावला. हेडफोनच बिघडलेला असता तर बंद बाजू आता डाव्या कानावर यायला हवी होती. ती म्हणाली, ‘आता पण हेच बंद आहे,’ आणि पुन्हा उजवीकडेच बोट दाखवलं. मी माझ्या रेघांच्या वहीत तिच्या नंबरापुढे लिहिलं, ‘उजवा बंद म्हणते, हेडफोन उलटा करून पाहिला, तरी तेच.’ तुला लगेच हाक मारायला हवी होती. मनात म्हटलं, ग्राफमध्ये येईलच, मावशी बघेलच. आणि वीसला बसवलं.

तू बघितलंसच. पण वीसच्या कागदावर.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वीस नंबरच्या मुलाला पहिल्या बाकावर बसवलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथं त्याचे दोन्ही कान ठणठणीत निघाले. त्याचे वडील संस्थेच्या ऑफिसात आले तो दिवस. संचालकबाईंच्या टेबलावर त्यांनी तो कागद आपटला. ‘महिनाभर माझ्या बायकोच्या डोळ्याला डोळा नाही. पोरगा बहिरा होणार म्हणून तिनं अन्न सोडलं. ही सही कोणाची?’ तू म्हणालीस, ‘माझी.’ एवढंच.

आणि मावशी, त्याच क्षणी मला सगळं कळलं. वीस ठणठणीत म्हटल्यावर मला वहीतलं ते एकोणीसपुढचं वाक्य आठवलं, माझ्याच अक्षरातलं.  संचालकबाईंनी विचारलं, ‘हे झालं कसं?’ आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते तू ऐकलंसच. ‘मशिन अडकत होतं. मेमरी फार कमी आहे त्यात. मी मावशीला आधीच सांगितलं होतं, नुसतं हलकं बघून घेऊ नकोस.’

मी असं तुला कधीही सांगितलं नव्हतं. पाटी घेतली तेव्हा मला मेमरी म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. दुकानात वजन करून बघणारी मीच, ‘बघ मावशी, पिसासारखा आहे’ म्हणून नाचणारी मीच. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण निवडलं म्हणून दोष तुला.

तू माझ्याकडे एकदा बघितलंस. फक्त एकदा. तुला तेव्हाच माहीत होतं की मी असं काही सांगितलेलं नाही. तरी तू म्हणालीस, ‘हो, लॅपटॉप मी निवडला.’ मला वाचवायला म्हणालीस, की खरंच तुला वाटलं की मेमरीमुळे झालं असेल? गेली दोन वर्षं मी हे स्वतःला विचारते. तुझ्या पहिल्या पत्रातलं ‘त्या चुकीची किंमत मोजली’ मी तीनदा वाचलं. म्हणजे तू ते खरं मानून बसली आहेस. तू तो खोटेपणा पावणेदोन किलोचा करून त्याच खांद्यावर घेऊन जिने चढणार आहेस. आणि मी गेल्या पत्रात तुला सांगितलं, घे.

संस्थेनं तुला बोलावणं बंद केलं आणि मला ठेवलं. चार महिने मी तुझ्या स्टुलावर नवीन आलेल्या बाईंना बसलेलं बघितलं आणि मग नोकरी सोडली. घरी सांगितलं, कंटाळा आला. तुझे फोन येत राहिले. ‘भिंगरे, जेवलीस का’ एवढंच विचारायला केलेले. ते उचलले असते तर मी पहिल्या मिनिटाला बोलून गेले असते, म्हणून उचलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावलं.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून लिहायची आहे. दोष मेमरीवर गेला म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की दोनच कागद बिघडले, चौदा आणि वीस. ते दोन्ही पुन्हा तपासले, फाईल बंद. मी खरं बोलले असते तर त्याच आठवड्यात बाकीची मुलं परत बसवली असती. मी तुझं नाव घालवलं हे मला ठाऊक होतं. पण त्या पोरीचं मी स्वतःला असं सांगत राहिले की कोणाच्या तरी लक्षात येईलच. आईच्या, बाईंच्या, डॉक्टरच्या. रोज शेकडो माणसं भेटतात तिला, कोणाला तरी कळेल.

नाही कळलं. मी आज सकाळी जाऊन आले.

अर्धा दिवस रजा टाकली. शाळेत सांगितलं, पूर्वी कान तपासायच्या टीममध्ये होते, मुलांची प्रगती बघायला आले आहे. चौथीच्या बाईंना वहीतल्या यादीवरून तिचं नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘ती होय? हुशार आहे हो, पण लक्ष म्हणून नाही. दहा हाका मारल्या तर एकीला ओ देते. गटात बसवलं की भांडणं. आईला बोलावून सांगितलं, लाड कमी करा. सगळ्यात मागे एकटी बसवली आहे, तिथे निदान दुसऱ्यांना त्रास नाही.’ मी विचारलं, कोणत्या बाजूला? उजवीकडे भिंत की डावीकडे? बाईंनी बोटानं दाखवलं. डावीकडे भिंत आहे, मावशी. चांगला कान भिंतीकडे, आणि अख्खा वर्ग बंद कानाकडे.

बाई म्हणाल्या, ‘आम्हाला पण शंका आली होती एकदा. पण तपासणीचा कागद काढून बघितला, त्यात ठीक आहे.’

मी त्यांना म्हटलं, आजपासून तिला दुसऱ्या बाजूला, पहिल्या बाकावर बसवा, आणि तो कागद खरा धरू नका, मी लेखी देते. त्या घाबरल्या, मुख्याध्यापकांना विचारते म्हणाल्या. वर्गाच्या दारातून मला ती दिसली. दात आलाय. फळ्याकडे बघत नव्हती, बाईंच्या तोंडाकडे बघत होती. मला तिला हाक मारायचा धीर झाला नाही.

तेव्हा आता हे. सोबत माझ्या वहीचं ते पान फाडून जोडलं आहे. पंधरा ते तेवीस, ही नऊ मुलं. वीसची तपासणी पुन्हा झाली, म्हणून राहिली आठ. त्यातल्या सात जणांचं बहुधा काही बिघडलेलं नसेल, कारण त्या दुपारचे बाकीचे ग्राफ चांगलेच होते. पण तेविसाव्याचा ग्राफ पुसला गेला आहे, त्याची मी खात्री देऊ शकत नाही. आठही जणांना बसव. एकोणीसला सगळ्यात आधी.

आता तू काय करशील ते मला माहीत आहे. तू गुपचूप जाशील, आठही मुलांना ‘सहज’ तपासशील, आणि माझं नाव कुठेही येऊ देणार नाहीस. म्हणून मी आज दुपारीच हीच हकिगत वेगळ्या कागदावर थोडक्यात लिहून तिच्या दोन प्रती पाठवल्या. एक मुख्याध्यापकांना, एक संचालकबाईंना. चूक कशी झाली, कोणाच्या हातून झाली, कोण खोटं बोललं, तीन परिच्छेदांत, खाली माझी सही. त्यात हेही लिहिलं की लॅपटॉप हळू होता पण त्यानं एकही नाव बदललेलं नाही. पोस्टाच्या पेटीत टाकून आल्यावर तुला लिहायला बसले. आता तुला ते अडवता येणार नाही. वीसचे वडील माझ्या ऑफिसातही येतील कदाचित. येऊ देत. मी नोकरीला मुकले तर आई आधी रागावेल आणि मग जेवायला वाढेल, तुला माहीत आहे ती कशी आहे. तिला मी सकाळीच सगळं सांगितलं.  तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, ‘माझ्या बहिणीला दोन वर्षं तू...’ आणि उठून आत गेली. 

लॅपटॉपचं शेवटचं सांगते, कारण तू तेच विचारलं होतंस आणि या एका बाबतीत मला खरंच कळतं. सोळा तुला सहा-सात वर्षं पुरेल. नवा फॉर्म डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडेल, म्हणजे युक्त्या काढायची पाळी कोणावर येणार नाही. बत्तीस असती किंवा चौसष्ट असती तरी त्या दुपारी तेच झालं असतं, कारण हात माझा होता. तुला जे जास्तीचं हवं आहे ते दुकानात मिळत नाही, ते फुकट आहे. मूल खुर्चीवरून उठायच्या आधी सेव्ह करायचं. मग त्यालाच स्क्रीनवरचं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायला लावायचं. वाचता येत नसेल तर तू वाच आणि त्याला हो म्हणू दे. मगच उठू दे. पोरांना गंमत वाटेल. मी हे तेव्हा केलं असतं तर चौदा नंबरच्या पोरानंच मला सांगितलं असतं की ताई, हे माझं नाव नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. ते तू आज, लगेच करून टाकशील, आणि मग मला पुन्हा बरं वाटायला लागेल. इतक्यात नको करूस. या पत्राला उत्तरही नको लिहूस. आधी शाळेत जा.

मी तिला तिथे बघितलं पण बोलले नाही, तेव्हा तिला काही माहीत नाही. तिला डाव्या बाजूनं हाक मार, घाबरवू नकोस. हेडफोन लाव आणि मी विचारायला हवं होतं ते विचार, ‘बाळा, यातलं एक बंद आहे का?’ ती हो म्हणेल. तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं.

त्या दुपारी लॅपटॉपवर बसलेली,
तुझी भाची